दक्षिण टोकाचं गवत

टॉलिव्हर, मिसिसिपी
रविवार, ८ सप्टेंबर

डार्सी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढला. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. सावकाश वाच. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड, कारण यात डॅडींचं काम आहे.

मार्चात डॅडी गेले तेव्हा तू आली नाहीस. त्यावर मी काही बोलत नाही, कारण मीही उशिराच पोचलो. कॅन्ससमध्ये एका गावाची पाण्याची टाकी रंगवत होतो, दोरांना लटकून, फोन खाली गाडीत. गावाच्या नावातलं एक अक्षर मी खाल्लं होतं आणि सगळं गाव खाली उभं राहून हात हलवत ओरडत होतं. मला वाटलं कौतुक चाललंय. मीही वरून हात हलवला. असो, भरकटलो.

काल कॉलेजच्या फुटबॉलचा, हंगामातला पहिला घरचा सामना होता. हरलो. ही बातमी नव्हे. आपला संघ, टॉलिव्हरची खेचरं, हरली हे आता हवामानासारखं झालंय, लोक खिडकीतून बघतात आणि त्याप्रमाणे कपडे घालतात. पण हरलो कुणाकडून? पैसे देऊन, मार खायला म्हणून बोलावलेलं एक बारकं कॉलेज, ज्याचं गाव विमेवाल्या लीलंडला नकाशात सापडेना. ते आम्हालाच बडवून, पैसे खिशात घालून, बसमध्ये बसून गेलं.

मी हे बघायला आलो नव्हतो. मी डॅडींना ठेवायला आलो होतो.

आठवतं ना? दर थँक्सगिव्हिंगला, टर्कीला सुरी लावायच्या आधी: "मला माझ्या बापाशेजारी ठेवायचं. दक्षिण टोक, गोलच्या खांबाखाली. आणि दोघांनी मिळून ठेवायचं. एकट्याचं काम नाही ते." पॉपॉंची राख डॅडींनी तिथे कशी नेली ते तुला माझ्यापेक्षा नीट आठवत असेल. पँटच्या खिशाला भोक पाडून. शेवटच्या सामन्यानंतर लोकांना मैदानात सोडलं, बँड वाजत होता, आणि डॅडी गोलखाली येरझारा घालत स्वतःच्या बापाला विजारीतून सांडत होते. पहाऱ्याला तू. मी आपला मागून विचारत होतो, "डॅडी, तुमच्या पायातून काय गळतंय?"

तेव्हा काल मीही खिशाला भोक पाडून तयार. हंगामाच्या पहिल्या दिवशी सामन्याआधी मैदान तासभर खुलं असतं, मुलंबाळं फोटो काढतात. उतरलो, खाली वाकलो, हात लावला, आणि काय सांगू. गवतच नाही. प्लास्टिक. हिरवं, चकाकणारं, रबराचे काळे दाणे पेरलेलं. उन्हात तापून त्याला सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. उन्हाळ्यात उकरलं म्हणे सगळं. नव्या क्रीडासंचालकाने. गवत "जुनाट दिसतं," म्हणाला.

डार्सी, त्या गवतात अर्धं टॉलिव्हर निजलं होतं. मिसेस पिकेटचा नवरा चाळीस यार्डांच्या रेषेवर होता. ड्रमवाल्या रूफसची आई मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या खेचरावर. कुणी कुणाला विचारून ठेवलं नव्हतं, त्यामुळे उकरतानाही कुणी कुणाला विचारलं नाही.

मी परत मैदानाबाहेर, सामन्याआधी लोक जेवणाची टेबलं मांडतात तिथे, आपल्या टेबलापाशी आलो. आपलं ओकचं झाड आता दोरीच्या आत गेलंय, बड्या देणगीदारांसाठी. आपण पार्किंगच्या डांबरावर. व्हर्ना आत्याने टेबल मांडलं होतं: भरली अंडी, बटाट्याचं सॅलड, डुकराच्या बरगड्या, आणि मधोमध डॅडी. अंत्यविधीवाल्यांचा डबा तिला दळभद्री वाटला म्हणून तिने डॅडींची राख त्यांच्याच कॉफीच्या डब्यात भरलीय. वर त्यांची टोपी.

मी सांगितलं, "आत्या, खाली प्लास्टिक आहे."

ती म्हणाली, "मग? प्लास्टिकवर पाय घसरत नाहीत म्हणे. सॅलड घे."

आणि पुढे दिवसभर काय? क्वार्टरबॅक. चेंडू हातात घेऊन फेकायचा की पळायचं हे ठरवणारा तो एक पोरगा. त्याच्यापुढे बाकी जग फुकट. यंदा जॅक्स हॉलंडर नावाचा ओरेगॉनचा आणलाय, तीन वर्षांत तिसरं कॉलेज. माझ्याइतके पत्ते बदललेत पोराने, फक्त मला त्याचे कुणी पैसे दिले नाहीत.

डॅडींचा दोस्त बूफर्ड म्हणाला, "हात नाही त्याचा, गोफण आहे गोफण!"

"गोफण खरी," लीलंड म्हणाला, "पण दगड येतो आपल्याच कपाळात. कोल्बीला खेळवा. आपल्या टायरवाल्याचा पोरगा. इथल्या मातीतला."

"माती उचलून नेली की रे! आणि तुझा कोल्बी! त्याला समोरच्या म्हशीला हार घालता येत नाही, तो पास काय देणार?"

"निष्ठा आहे त्याच्यात."

"निष्ठा आमच्या कुत्र्यातही आहे. त्याला उतरवू का मैदानात?"

डॅडींच्या डब्यावर कोपर टेकून बोलत होते हे. गेलेल्या पाटीलकीची पगडी चढवून चव्हाट्यावर बसलेले लोक. चाळीस वर्षांपूर्वीचे विजय तोंडपाठ, आणि समोर मेलेला मित्र बसलाय ते दिसत नाही. मला शिसारी आली. एवढंच लिहायला बसलो होतो.

विचारायचं हे: डॅडींना कुठे ठेवू? दोघांनी म्हणाले होते. तू सांग.

टेट


टॉलिव्हर
रविवार, २२ सप्टेंबर

डार्सी,

तुझं कार्ड मिळालं. "कुठेही टाक त्यांना." खाली सही नाही. पुढच्या बाजूला लॅथमचा बगळा, आपल्या वैऱ्यांच्या संघाचं चिन्ह, एका पायावर उभा. दुकानात दुसरं कार्ड नव्हतं का? नसेल. तुमच्या गावात दूधसुद्धा बगळ्याच्या पिशवीत येत असेल.

व्हर्ना आत्याने कार्ड पाहिलं आणि पातेलं धरायच्या चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं. मी नंतर काढून पुसलं. आता ते डॅडींच्या ट्रकमध्ये आहे.

कालचं ऐक. पोट रिकामं असताना ऐक.

सामना सुरू होण्याआधी मी बर्फ आणायला गेलो होतो. तेवढ्या वेळात बूफर्डने डॅडींचा डबा उघडला. आत्याच्या देखत. आणि सॅलडातला चमचा, डार्सी, बटाट्याच्या सॅलडातला मोठा चमचा, विजारीला पुसून त्याने आत घातला आणि डॅडींचा एक चमचा शेंगदाण्याच्या रिकाम्या पिशवीत भरला. मी आलो तेव्हा चमचा परत सॅलडात उभा होता. त्यानंतर सॅलड कुणी खाल्लं ते मी विचारलं नाही. वाडगा रिकामा झाला एवढं खरं.

मला हे कळलं कधी? तिसऱ्या सत्रात. आम्ही सतरा गुणांनी मागे. बूफर्ड पायऱ्या उतरून दक्षिणेच्या कठड्यापाशी गेला. मला वाटलं पंचाला शिव्या द्यायला जातोय, ते त्याचं नित्याचं. त्याने पिशवी फोडली आणि गोलच्या खांबाकडे झटकली. वारा बरा होता म्हणून निदान लोकांच्या डोळ्यांत गेलं नाही. प्लास्टिकवर एक राखाडी डाग पडला, ताटलीएवढा. तेवढे ते डॅडी.

ते तिथेच पडून राहिले. कुठे जाणार? खाली माती नाही, मुरायला जागा नाही. मग कडेने एक माणूस आला, पाठीवर पानं उडवायचं यंत्र लावलेला. त्याने यंत्र सुरू केलं, आणि आपल्या बापाला फर्रकन उडवून गटारीच्या जाळीत घातलं. मी उभा राहून बघत होतो. माझ्या हातात बर्फाचा पेला होता.

आणि त्याच्या पुढच्याच खेळीला तो ओरेगॉनचा पोरगा, ज्याला तोवर स्वतःचे बूट सापडत नव्हते, त्याने पन्नास यार्डांचा असा पास फेकला की पकडणाऱ्याला पळावंही लागलं नाही. टचडाउन. मग आणखी एक. मग शेवटच्या मिनिटाला आणखी एक.

जिंकलो.

बायका-पुरुष रडत होते. बूफर्डने मला मिठी मारली. त्याच्या बोटांवर अजून राख होती. "होईट! होईटने केलं हे! मी सांगत होतो की नाही?" त्याने काहीएक सांगितलं नव्हतं. होईट म्हणजे आपले डॅडी! त्यांनी उभ्या जन्मात चेंडू पकडला नाही, गाडीची किल्ली फेकली तरी त्यांच्या छातीला लागून खाली पडायची, आणि आता मेल्यावर ते सामने जिंकून देतायत.

मी आत्याला म्हणालो, "तू बघत बसलीस?"

"एकच चमचा होता रे. आणि त्याला किती आवडलं असतं!"

सगळ्यात ओकारी आणणारी गोष्ट ही की ते खोटं नाही. आवडलं असतं. तुला माहीतच आहे त्यांना काय काय आवडायचं.

डबा आता मी रात्री उशाशी घेऊन झोपतो. कुठेही टाक म्हणालीस. टाकायला काही उरलं तर ना.

टेट


टॉलिव्हर
रविवार, ६ ऑक्टोबर

डार्सी,

तुझं दुसरं कार्ड आलं नाही. येणार नव्हतंच. तरी सांगतो, कारण इथे कुणाला सांगितलं तर तो मला चमचा काढून दाखवतो.

ही गंमत नाही. काल सकाळी नऊलाच आपल्या टेबलापुढे रांग. माणसं घरून चमचे घेऊन आली होती. एका बाईने चांदीचा आणला होता, लग्नातला. "हंगामाला लागतील तेवढेच, बाळा." रेडिओच्या त्या कार्यक्रमात, जिथे लोक फोन करून गळे काढतात, तिथे आठवडाभर हाच विषय. जॅक्स की कोल्बी हा वाद संपला आणि नवा सुरू झाला: होईट उत्तरेला टाकावा की दक्षिणेला. पहिल्या सत्रात की चौथ्या. एक गृहस्थ तावातावाने म्हणत होता की बचावाला होईट नको, होईट हा मूळचा आक्रमणाचा माणूस. डॅडी टपालाच्या गाडीवर होते, डार्सी. पत्रं टाकायचे.

मी डबा काखेत धरून उभा. कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्यात लीलंड आला, घामेघूम, चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं.

"सापडलं गवत," तो म्हणाला.

गवत उकरणारा ठेकेदार लीलंडकडेच विमा काढतो. त्याने ते गुंडाळ्या करून, खालच्या मातीसकट, विकलं होतं. सगळंच्या सगळं एकाच गिऱ्हाइकाला. सांग कुणाला.

तुमच्या बगळ्यांना. लॅथमच्या सरावाच्या मैदानाला.

कुणाच्या तरी जाळावर बरगडी करपत होती, कुणी उलटली नाही. मग बूफर्ड हळूच म्हणाला, "लॅथम यंदा एकही हरलेलं नाही."

"एकही नाही," लीलंड म्हणाला.

"सारी हयात ज्यांना आपण झोडपलं. ज्यांच्यात बँडवाले जास्त आणि खेळाडू कमी."

"एकही नाही."

मिसेस पिकेट मटकन खुर्चीत बसल्या. "माझा क्लाइड," त्या म्हणाल्या, "माझा क्लाइड बगळ्यांकडून खेळतोय?"

मी हसलो. मला वाटलं आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. व्हर्ना आत्याचे ओठ पांढरे पडले होते. "पॉपॉसुद्धा," ती म्हणाली. "आमच्या वडिलांनी जन्मात बगळ्यांचा निळा शर्ट घातला नाही, आणि आता... आजकालच्या पोरांसारखं... संघ बदलला?"

मग सुरू झालं. दोन तट पडले. एक म्हणतो, होईटला लॅथमच्या मैदानात पेरा, तो आतून घात करेल. "होईट कुठेही गेला की घोळ घालायचा, हा त्याचा गुणच होता." दुसरा म्हणतो, मुळीच नाही, तोही फितूर झाला तर? उरलाय तेवढा इथेच, चमच्या-चमच्याने. मी मध्ये ओरडलो, "अरे तो माझा बाप आहे!" बूफर्डने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळा, तो आता सगळ्यांचा आहे."

वीस वर्षांचा पाऊस पडलाय त्या गवतावर. मी फार शिकलेलो नाही, पण पाणी खाली जातं एवढं टाक्या रंगवूनही कळतं. पॉपॉ केव्हाच नदीला लागून समुद्रात गेले असतील. हे मी बोलून दाखवलं तर लीलंड म्हणाला, "मग ते जिंकतात कसे?"

सामना सुरू झाल्यावर मी लघवीला गेलो. डबा कुठे ठेवणार, तिथल्या ओल्या फरशीवर? आत्याच्या हातात दिला. दोन मिनिटं. परत आलो तर तिच्या मांडीवर झाकण, आणि बूफर्डची पाठ पायऱ्यांवरून खाली जाताना दिसली.

तीस गुणांनी हरलो.

संध्याकाळी मला वाटलं, चला, निदान खुळ तरी संपलं. छे. बूफर्ड टेबलावर मूठ आपटत होता. "एक चमचा कमी पडला! दोन घालायला हवे होते!" आणि माना डोलल्या. सगळ्या. आत्याचीसुद्धा.

डबा हलवला की आता आवाज येतो. आधी येत नव्हता, भरलेला होता.

टेट


लॅथम, अलाबामा
सोमवार, १४ ऑक्टोबर

डार्सी,

वरचं गावाचं नाव वाचून घाबरू नकोस. मी तुझ्या दारात आलेलो नाही. महामार्गावरच्या मोटेलात आहे, जिथे पडद्यालासुद्धा तळणाचा वास येतो. खिडकीतून पेट्रोलपंप आणि एक प्रचंड निळा बगळा दिसतो. त्याचा रंग पोपडे धरून उडालाय. हात शिवशिवतात, पण तुमच्या बगळ्याला रंग लावला तर डॅडी डब्यातून उठून बसतील.

हो, तेही इथे आहेत. येत्या शनिवारी पुन्हा घरचा सामना, आणि आत्याने सांगितलं की लीलंडने मोजायचा चमचा आणलाय, "म्हणजे भांडण नको." मी टोपी, डबा आणि डॅडींचा ट्रक घेतला आणि निघालो. आत्या दारात आडवी आली.

"डबा ठेव टेबलावर, टेट."

"नाही ठेवत."

"माझा भाऊ आहे तो. तू कुठे होतास सहा वर्षं? टाक्यांवर लटकत? दर शनिवारी त्याच्याशेजारी मी बसत होते."

"आणि आता त्याला चमच्याने वाढतेयस."

तिने थोबाडीत मारली. मग रडली. मग बरगड्यांचं पुडकं बांधून दिलं, वाटेसाठी. आपलं घराणं हे असं आहे, मी आणखी काय सांगू.

काल ते मैदान बघून आलो. नदीकाठी आहे, तारेचं कुंपण, आत निळे शर्ट पळत होते. गवत आपलंच. मी शपथेवर सांगणार नाही, गवतासारखं गवत. पॉपॉंनी काही हाक मारली नाही. पण कुंपणाबाहेर, जिथे लोक कुत्री फिरवतात, तिथेही उरलेल्या गुंडाळ्या अंथरल्यात, आणि एका गुंडाळीवर अजून पांढरा चुना दिसतो. जाड पट्टा, गोल-रेषेला मारतात तसा. पावसाने फिकट झालाय. उत्तरेचा की दक्षिणेचा, देव जाणे. बाजूला एक लेडीबर्ड कुत्रं लघवी करत होतं. म्हणजे कुत्रं त्या जातीचं नव्हे, नाव लेडीबर्ड. तिच्या मालकिणीने सांगितलं, फार गोड बाई, तिचा भाचा डाकोटात पवनचक्क्या दुरुस्त करतो. असो.

तिथे उभा राहून मला सरळ दिसलं. डॅडी "बापाशेजारी" म्हणाले होते. "टॉलिव्हरमध्ये" म्हणाले नव्हते. तेव्हा दोन्ही एकच होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. आता एक निवडायचं आहे. प्लास्टिक, गटार आणि मोजायचा चमचा एकीकडे. दुसरीकडे शत्रूचं गाव आणि हा पट्टा. घात करायला नाही आणि फितूर व्हायलाही नाही. नुसतं ठेवायला.

आता दुसरी गोष्ट. परतताना मी तुझ्या रस्त्यावरून गेलो. थांबलो नाही. मुद्दाम हळू चालवली एवढंच.

तुझ्या अंगणात एक मुलगी होती. चार-पाच वर्षांची. पाण्याच्या नळीने शेजारच्या मांजराला भिजवत होती. कान बाहेर आलेले, सुपासारखे, उन्हात लाल दिसत होते. डॅडींचे कान. बिचारी.

तू सांगितलं नाहीस. कुणाला सांगणार म्हणा.

मी मोटेलात येऊन तुझ्या लग्नाचाच विचार करत बसलो. चर्चमध्ये मी तुझ्या मागच्या बाकावर होतो, भाड्याच्या कोटात. तू तो शनिवार मुद्दाम निवडलास ना? ऑक्टोबरात, सामन्यांच्या शनिवारी, लग्न कुणी ठेवत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. तुझ्या ग्रेडीच्या नातेवाइकांचीही तोंडं वाकडी होती. तुला बघायचं होतं डॅडी काय करतात. आणि डॅडींनी काय केलं? तीन तास गाडी चालवली, राज्याची हद्द ओलांडली, चर्चपाशी आले, आणि याच ट्रकमध्ये बसून राहिले. रेडिओ लावून. असल्या-तसल्या संघाबरोबरचा परगावचा सामना, सकाळी अकराचा. आत पाद्री म्हणतो, "डार्सी, तू या पुरुषाचा..." आणि बाहेर त्यांचा हॉर्न, भोंऽऽ. टचडाउन. तू "हो" म्हणालीस ते कुणाला ऐकूच आलं नाही. पाद्रीने पुन्हा विचारलं. पुन्हा भोंऽऽ.

ग्रेडीची आजी म्हणाली, "कुणाचा तरी हॉर्न अडकलाय वाटतं." आणि तू म्हणालीस, "नाही, माझे वडील आहेत."

त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. मी तुला कधी बोल लावला नाही, आताही लावत नाही. मीही त्याच वर्षी घर सोडलं.

पण एक दिसलं ते सांगतो, मग तू बघ. ट्रकच्या बाकामागे पाना शोधताना त्यांचा टाय सापडला. तपकिरी, बदकांचा, भयानक. गाठ मारलेला. गळ्यातून तसाच ओढून काढलेला, गाठ न सोडता. इतकी वर्षं ती गाठ त्यांनी सोडली नाही की फेकलाही नाही. याचा अर्थ मी लावत नाही. टाय बांधूनही माणूस गाढव असू शकतो. मी फक्त दिसलं ते लिहिलं.

टेट


लॅथम
बुधवार, १६ ऑक्टोबर

डार्सी,

हे टपालाने नाही, तुझ्या पेटीत स्वतः टाकतोय, म्हणजे वेळेवर मिळेल. घंटी वाजवणार नाही.

शनिवारी सकाळी अकरा वाजता. नदीकाठी, कुंपणाबाहेर, जिथे चुन्याचा पट्टा आहे तिथे. तुमचे बगळे त्या दिवशी टेक्ससात आहेत, गावात चिटपाखरू नसेल. तिकडे टॉलिव्हरला अकरालाच सामना सुरू होईल. बूफर्ड कठड्याशी रिकाम्या हाताने उभा राहील आणि माझ्या नावाने खडे फोडेल. लीलंडने निरोप ठेवलाय की हंगाम बुडाला तर इतिहास मला क्षमा करणार नाही. आत्याने मात्र वेगळा निरोप ठेवलाय. म्हणाली, "टोपी काढून ठेव त्याची. बाईमाणसासमोर जायचंय." आणि फोन ठेवला.

म्हणजे डॅडी जन्मात, किंवा त्यानंतर म्हण, पहिल्यांदा घरचा सामना चुकवणार. तुझ्या गावी येण्यासाठी. ते स्वखुशीने येत नाहीयेत, मी आणतोय, हे मला कळतं. तू याला माफी समजू नकोस. माफी मागायला तोंड लागतं, आणि त्यांच्याजवळ आता दोन चमचे कमी असलेला एक डबा आहे.

मला अजूनही या सगळ्याची किळस येते. त्या चमच्यांची, त्या प्लास्टिकची, त्या रांगेची. डॅडींचीही येते, खोटं कशाला बोलू. त्यांनीच ती माणसं जमवली होती. ते जिवंत असते आणि डब्यात बूफर्ड असता, तर पहिला चमचा त्यांनीच घातला असता. पण त्यांनी दोघांनी म्हणून सांगितलं होतं, आणि मी एकटा आहे. मी खिशाला भोक पाडलंय, दुसरी पँट नाही माझ्याजवळ. तू अर्धे घे, मी अर्धे घेतो. हातानेच. चमचा आणणार नाही.

वाटलं तर तिलाही आण. ते कान तिला कुठून मिळाले ते तिला कधीतरी कळायलाच हवं, नाहीतर बिचारी आरशाला दोष देत बसेल.

नाही आलीस तर मी बाराला एकट्याने उरकेन आणि पुढे जाईन. आयडाहोत एक टाकी आहे.

ट्रक कुंपणाशी लावतो. लांबून ओळखशील. आज दुपारी बॉनेट उघडून हॉर्नची तार कापून टाकलीय.

टेट